पाइनखालची जागा

ला क्लोसा, ९ सप्टेंबर

एर्मेंगोल,

फोनवर माझा आवाज ऐकलास की तू ठेवून देतोस. पत्राचं तसं होत नाही. फाडायचं म्हटलं तरी आधी ते कोणाचं आहे हे बघावं लागतं. अक्षर माझंच आहे, मास्तरांनी ज्याला कोंबडीचे पाय म्हटलं होतं तेच. तुझं अक्षर सुंदर, म्हणून तू शिकलास आणि व्हिगोच्या गोदीत जहाजांचे नकाशे काढतोस. मी अळंब्या विकतो. तक्रार नाही. अळंब्यांनी मला गोदाम दिलं, ट्रक दिले आणि हे पोट दिलं.

ऑगस्ट सरता सरता इकडे चांगला पाऊस झाला, मग ऊन पडलं. सगळी दरी बुटांना तेल लावून बसली आहे. रस्त्यात भेटेल तो तोंड पाडून सांगतो, "यंदा काही नाही रे सादुर्नी, रान कोरडं पडलंय." म्हणजे यंदा भरपूर आहे.

लिहिण्याचं कारण आई. घाबरू नकोस, तब्येत ठीक आहे. जेवते, झोपते, नव्या पाद्र्याला नावं ठेवते. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. डॉक्टरीणबाई म्हणतात, सोपं ऑपरेशन आहे, संध्याकाळी घरी. आई म्हणते, "कशाला? माझं काय बघायचं राहिलंय?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

गेल्या आठवड्यात गोदामात एक पेटी आली, वरच्या खेड्यातल्या नव्या माणसाची. वरचा थर चोख रोवेल्यो अळंब्यांचा, खाली मात्र संशय. रंग नारिंगी, टोपीवर वर्तुळं, सगळं जागच्या जागी, पण कडेला बारीक लव दिसत होती. माल उन्हात राहिलेला, त्यामुळे चीक आटलेला. चीक आटला की नख लावून काही कळत नाही. जासिंता आठवते ना, निवडणाऱ्या बायकांची मुकादम? तिचं आणि पोरींचं जुंपलं.

"खोटी आहे ही. कडेचे केस बघ."

"केस कुठले, गवत चिकटलंय ते."

"गवत तुझ्या डोक्यात!"

आधी असं काही झालं की पेटी आईपुढे जायची. ओला माल असला तर ती नख लावायची. गाजराच्या रंगाचा चीक आला तर माल आत, पांढरा आला तर कोंबड्यांनाही घालू नका. सुकलेला असला तर देठ कानाजवळ धरून मोडायची. खरा रोवेल्यो खडूसारखा मोडतो, आणि त्या आवाजातही तिला काहीतरी ऐकू यायचं जे मला कधी आलं नाही. मी तर दुसऱ्यांच्या टेबलावरचं बोलणं ऐकून धंदा केलेला माणूस.

आई शेगडीपाशी बसली होती. जासिंताने पेटी पुढे सरकवली. "रेमेई काकू, एकदा सांगा ना."

"मला नका विचारू," आई म्हणाली. "मी माणसं मारते."

कॉफी नको म्हणावं तशा आवाजात म्हणाली. जासिंता पेटी घेऊन परत गेली. मी आईच्या शेजारीच उभा होतो. एप्रनखाली तिचा अंगठा हलत होता.

त्या ऑक्टोबरबद्दल मी लिहिणार नव्हतो. पण दरीतल्या प्रत्येक घरात ती गोष्ट वेगळी सांगतात आणि आपल्या घरात सांगतच नाहीत, म्हणून थोडं लिहितो. लग्नानंतर तू डोरिंडाला पहिल्यांदा घरी आणलंस. ती समुद्राकाठची, गलिसियाची. तिच्याकडे अळंबीला बेडकाचं अन्न म्हणतात, काठीने उडवून पुढे जातात. आई पहाटे रानात गेली आणि झाकलेली टोपली घेऊन आली. निखाऱ्यांवर जाळी, वर रोवेल्यो उलटे, त्यांच्या वाटीत तेल, लसूण, मीठ. डोरिंडाने मर्यादा म्हणून एक घेतला. मग न सांगता दुसरा. मग ताट पुढे केलं. मग पुन्हा केलं. आई जाळीपाशी उभी राहून तिच्याकडे बघत होती, स्वतः जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीचं दार बंद होतं. तू जिन्यावर आलास आणि म्हणालास, "आतून काहीतरी बिघडलंय तिचं." मग स्वतःच म्हणालास, "विष आहे." आपला डॉक्टर रजेवर होता, त्याच्या जागी दक्षिणेकडचा कोणी आला होता. अळंबी म्हटल्यावर त्याने दुसरं काही विचारलं नाही, सरळ पोटात नळी घातली. सगळ्या आळीसमोरून डोरिंडाला स्ट्रेचरवर नेलं, बायका सज्जात उभ्या. आणि अंगणात तू आईला जे बोललास ते बोललास. ते वाक्य मी लिहीत नाही. तिने ते पाठ केलंय, वर आलंच आहे.

डोरिंडा लगेच बरी झाली, तुम्ही गेलात ते गेलातच. आईने टोपली मांजराला दिली. आता ती बाजारात कोथिंबिरीची जुडीसुद्धा दुकानदारासमोर धरून विचारते, कोथिंबीरच आहे ना ही?

तू एकदा ये. समोर बसून जेव आणि तिला ऑपरेशनला हो म्हणायला लाव. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. एवढंच मागणं आहे. जागेशी माझा काही संबंध नाही.

आता लिहून गेलोच आहे तर सांगतो. जागा म्हणजे रोवेल्यो उगवतात ती पाइनखालची, तुला ठाऊक आहे. तिच्या वडिलांनी तिला दाखवली, आणि ती पुढे एकालाच दाखवायची असते. मला दाखवणार नाही हे तिने केव्हाच सांगितलंय. "तू ट्रक घेऊन जाशील," म्हणाली. खोटं नाही ते. एकदा मी तिच्या मागे गेलो होतो. तिने मला सगळा डोंगर फिरवून चर्चच्या दारात आणून सोडलं आणि म्हणाली, "आलाच आहेस तर पाप कबूल करून घे." तेव्हा जागा ती तुलाच देणार, हे सगळ्यांना माहीत आहे. तिलाच ती दिसेनाशी व्हायच्या आत दिलेली बरी. पण मी डोळ्यांबद्दलच लिहितोय.

डोरिंडाला नमस्कार.

सादुर्नी


ला क्लोसा, ६ ऑक्टोबर

एर्मेंगोल,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मला एक प्रश्न विचारायचा आहे, आणि तो नीट विचारता यावा म्हणून आधी शनिवारची हकिगत सांगतो.

गोदामावर मी दोन खोल्या काढल्यात, शनिवार-रविवार येणाऱ्या बार्सिलोनावाल्यांसाठी. आपली माणसं त्यांना अजून पाइनखाली मुतणारेच म्हणतात. पण ते भाडं देतात, आणि त्यांनी स्वतः वेचलेल्या टोपलीत खायला काहीच निघत नसल्यामुळे जाताना माझ्याकडूनच विकत घेऊन जातात. असो. या वेळी नवं जोडपं आलं. नवरा बार्सिलोनाचा, चष्मेवाला, बायको काडिसकडची, हसरी. रात्री जासिंताने रोवेल्यो भाजले. त्या पोरीने सॉसेजला हात लावला नाही, टोमॅटो चोळलेला पाव बाजूला सारला आणि फक्त रोवेल्यो खात राहिली. नवरा कौतुकाने बघत होता.

सकाळी मी पेट्या मोजत होतो. तो खाली आला, चेहरा पांढराफटक. म्हणाला, "इथे डॉक्टर कुठे मिळेल? आतून काहीतरी बिघडलंय हिचं."

मी हातातली पेटी खाली ठेवली. चेहरे मी विसरतो, पण वाक्य एकदा कानात गेलं की बाहेर येत नाही. हे वाक्य मी आपल्या जिन्यावर ऐकलेलं होतं, शब्दाला शब्द.

"पोटात दुखतंय?" मी विचारलं.

"नाही म्हणते."

"उलटी? चक्कर?"

"नाही."

"मग काय होतंय?"

"सांगतच नाही हो. बाथरूममधून बाहेर आली आणि रडतेय. म्हणते, आपलं संपलं सगळं."

मी जासिंताला वर पाठवलं. ती गेली तशी परत आली, एप्रनने डोळे पुसत. मला वाटलं, रडतेय. हसत होती.

"डॉक्टर कशाला? काल ताटांमागून ताटं चापली, आज तांबडं झालंय. कोणी सांगितलं नव्हतं वाटतं बिचारीला." मग नवऱ्याकडे वळली. "आणि तू रे चष्मेवाल्या, तुला तरी ठाऊक नको?"

"मला कसं ठाऊक असणार?" तो म्हणाला. "आम्ही घरी एकेकच खातो."

एर्मेंगोल, तुला मी हे समजावून सांगणं म्हणजे हास्यास्पद आहे. रोवेल्यो पोटभर खाल्ले की दुसऱ्या दिवशी लघवी तांबडी होते, हे या दरीत जन्मलेल्या पोराला चालायच्या आधी कळतं. आपण दोघं गोठ्यामागे शेजारी शेजारी उभे राहून कोणाची जास्त तांबडी याची पैज लावायचो. तू नेहमी जिंकायचास, कारण आई तुला जास्त वाढायची. त्यात अपाय काहीच नाही. उलट दुसऱ्या कुठल्या अळंबीने ते होत नाही. टोपीची वर्तुळं फसवतात, रंग फसवतो, देठावरचे खड्डे उन्हात बुजतात, चीक आटतो. ही शेवटची खूण मात्र खोटी अळंबी देऊच शकत नाही. फक्त ती जेवल्यावर मिळते, एवढीच अडचण.

पण ही गोष्ट आपण एकमेकांना सांगतो, पाहुण्यांना नाही. आणि ताटावर बसलेल्या नव्या सुनेला तर कोणीच सांगत नाही.

तेव्हा प्रश्न असा. त्या सकाळी डोरिंडाच्या पोटात दुखत होतं का? आणि नसेल, तर तिने बघितलं काय होतं? तू विचारलं होतंस का, की तिने बिघडलंय म्हटलं आणि तू विष म्हणून मोकळा झालास? रागावू नकोस. तिला विचार, किंवा हे पत्र असंच टेबलावर राहू दे.

आईला मी अजून काही बोललेलो नाही. इतकी वर्षं एक गोष्ट धरून बसलेल्या माणसाला दुसरी द्यायची तर ती पक्की असावी.

सादुर्नी


ला क्लोसा, १७ ऑक्टोबर

एर्मेंगोल,

तू फोन केलास. इतक्या वर्षांनी भावाचा फोन, आणि पहिलं वाक्य काय, तर "लाज वाटत नाही का तुला, माझ्या बायकोबद्दल हे असलं विचारायला?" त्यानंतर तू बराच वेळ ओरडलास. मी रिसीव्हर पेटीवर ठेवला, बायका निवडणं थांबवून ऐकत होत्या. जासिंता म्हणाली, "आवाज अजून तसाच आहे हो धाकट्याचा, खणखणीत." तू जे ओरडलास त्यात एक गोष्ट मात्र कुठेच नव्हती. तांबडं नव्हतं, असं तू एकदाही म्हणाला नाहीस. गोदीत जहाजांची मापं घेणारा माणूस तू. माझं पत्र वाचता वाचताच तुला कळलं असणार.

दोन दिवसांनी पुन्हा फोन वाजला. मागे मासळीबाजाराचा गलका.

"भाऊजी, मी डोरिंडा."

"बोल."

"तुमचं पत्र वाचलं मी. ते टेबलावरच होतं."

"बरं झालं."

मागे कोणीतरी खेकड्यांचा भाव ओरडत होतं. मग ती म्हणाली, "तांबडं होतं."

"पोटात दुखत होतं का?"

"नळी घालेपर्यंत काही नाही. नळीनंतर दुखलं."

"अगं मग सांगितलं का नाहीस?"

"कोणाला सांगायचं, भाऊजी? डॉक्टर परका पुरुष. सासूबाईंच्या घरात माझा दुसरा दिवस. आणि नवरा... नवऱ्याला तरी असलं कसं सांगणार? लग्न नवं होतं. आतून बिघडलंय म्हटलं. पुढचं विष-बिष सगळं त्याचं."

"आणि नंतर? इतक्या वर्षांत?"

"नंतर मी बरीच होते. मग विषय काढून काय करायचं? मला वाटलं, चुकून एखादी वाईट आली असेल टोपलीत, म्हाताऱ्या माणसाच्या हातून होतं. मी कधी सासूबाईंचा राग धरला नाही. राग सगळा यांचाच." मग हळूच म्हणाली, "म्हणजे त्या चांगल्या होत्या?"

"उत्तम होत्या."

"मला तेव्हाच वाटलं होतं," डोरिंडा म्हणाली. "विषाला इतकी चव नसते."

एर्मेंगोल, बायको चांगली केलीस. हे मी लग्नात म्हणालो नव्हतो, आता म्हणतो.

मग मी आईकडे गेलो. ती घेवडा सोलत होती, हाताने चाचपून. मी खुर्ची ओढली आणि सरळ सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"तांबडं?" तिने विचारलं.

"तांबडं."

"दुखत नव्हतं?"

"नाही."

"ताटं किती संपवली होती तिने?"

"तूच वाढत होतीस."

"मग होणारच," आई म्हणाली आणि एक शेंग सोलली, आणखी एक सोलली. तिसरी हातात धरून बसली. मी खिडकीकडे पाहिलं. आपल्या घरी खिडकीतून दिसण्यासारखं काही नाही, समोर भिंत आहे, पण मी बराच वेळ पाहिली.

मग ती भडकली. "आणि त्या डॉक्टरला अक्कल नव्हती?"

"दक्षिणेकडचा होता, आई."

"दक्षिणेकडे माणसं मुतत नाहीत का? आणि पोरीने तोंड उघडायला नको? इतकी वर्षं!"

"तू तरी तिला आधी सांगायचं होतंस."

"मी?" तिने शेंग माझ्या अंगावर फेकली. दिसत नसताना नेम बरोबर लागला. "नवी सून ताटावर बसलीय, आणि मी तिला सांगू की उद्या सकाळी बाथरूममध्ये काय दिसेल? तिच्या आईला कळलं असतं तर काय म्हणाली असती, कुठल्या घरात दिली पोरगी!"

"म्हणजे तू लाजेने बोलली नाहीस, ती लाजेने बोलली नाही, आणि मधल्या मधे एर्मेंगोल ओरडला."

"तो लहानपणापासून ओरडतो," आई म्हणाली.

ती उठली, भिंतीला हात लावत कोपऱ्यापर्यंत गेली आणि मांजराला टोपलीतून बाहेर काढलं. टोपली अंगणात नेऊन नळाखाली धरली. मांजर तेव्हापासून माझ्याकडे बघत नाही. सगळं मीच केलं असं त्याला वाटतंय.

दुसऱ्या दिवशी ती गोदामात आली आणि शेगडीपाशी न बसता निवडायच्या टेबलाशी उभी राहिली. जासिंताने एक सुकी अळंबी तिच्या हातात दिली. आईने देठ कानाशी नेऊन मोडला.

"आत," म्हणाली.

जासिंताने दुसरी दिली.

"ही कोणी आणली? आणि त्याच्याशी तुम्ही अजून व्यवहार करता?"

बायका हसल्या. मी हिशोबाच्या खोलीत गेलो, थोडं काम होतं.

ऑपरेशनला ती हो म्हणाली आहे, पण हंगाम संपल्यावर. मी म्हटलं, "हंगामालाच डोळे नसतील तर हंगामाचं काय करशील?" म्हणाली, "पायाला दिसतं. पाइनच्या सुयांखाली फुगवटा आला की पायाला कळतं. वाटेत हात तेवढा कोणीतरी धरायला हवा." मी सहज म्हणालो की हात धरायला मी मोकळा आहे. तिला ऐकू आलं नाही. डोळे गेलेत, कान माझ्याहून तल्लख आहेत, तरी ऐकू आलं नाही.

"धाकट्याला बोलाव," म्हणाली.

बोलावतोय. तू ये. अंगणातलं वाक्य परत घ्यायला नको, तसला समारंभ तिला आवडणार नाही. ताटावर बस आणि खा, ती समजेल. तू येत नाहीस ते आता रागाने नाही, लाजेने, हे मला तुझ्या ओरडण्यावरून कळलं. पण ती लाज इथे कोणी मोजणार नाही. आमच्याकडे त्या बाबतीत आधीच दोघीजणी आहेत.

सादुर्नी


ला क्लोसा, ३ नोव्हेंबर

एर्मेंगोल,

डोरिंडा काल रात्रीच्या गाडीने निघाली. हे पत्र तिच्या मागोमाग पोचेल. ती तुला किती सांगेल याची मला खात्री नाही, म्हणून मी लिहितो.

ती एकटीच उतरली. "त्यांना गोदीत सुट्टी नाही," म्हणाली. गोदीला सर्व संतांच्या दिवशी सुट्टी नाही हे मी ऐकून घेतलं. तिने हातात खारवलेल्या माशांचा डबा आणला होता, त्याचा वास अजून ट्रकमध्ये आहे.

आई दारात उभी होती. दोघी एकमेकींसमोर थांबल्या. आईने हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला, नाक, गाल, हनुवटी, पेटीतला माल बघावा तसा. "बारीक झालीस," म्हणाली.

"नाही हो सासूबाई, जाड झालेय."

"मग चांगलं आहे."

क्षमा-बिमा काही झालं नाही. भाजलेल्या चेस्टनटचा वास होता, जाळी तापली होती. आईने सगळं स्वतःच्या हाताने केलं. प्रत्येक रोवेल्यो हातात घेऊन नख लावायची, बोट चाटायची, मग जाळीवर ठेवायची. डोरिंडाच्या पुढे ताट ठेवलं आणि ताटावरचा हात न काढताच सगळ्यांसमोर, मी, माझी बायको, जासिंता, जासिंताचा नवरा बसलेलो असताना, खड्या आवाजात म्हणाली, "पोरी, उद्या सकाळी तांबडं होईल. घाबरायचं नाही."

जासिंताच्या नवऱ्याच्या नाकातून वाईन बाहेर आली. डोरिंडा लाल झाली, मग हसायला लागली, मग खायला लागली. किती खाल्लं ते मी सांगत नाही, तुला पटणार नाही.

सकाळी ती खाली आली तेव्हा आई कॉफी घेऊन वाट बघत बसली होती.

"झालं?"

"झालं."

"कितपत?"

"चांगलंच."

"मग बरोबर आहे," आई म्हणाली. त्यानंतर तिने जो श्वास सोडला तो बराच लांब होता. मी तिथेच होतो, पाव कापत होतो.

मग तिने पायात बूट चढवले, टोपली घेतली आणि डोरिंडाला म्हणाली, "चल."

मी ट्रकची किल्ली घेतली. जुन्या पुलापर्यंत न्यायला तिने मला परवानगी दिली. तिथे उतरून म्हणाली, "तू इथेच बस. नदीकडे तोंड करून."

"आई," मी म्हणालो, "जागा एर्मेंगोलला द्यायची होती ना?"

"एर्मेंगोल ओरडतो. उद्या सगळ्या व्हिगोला कळेल."

"आणि मी?"

"तू विकतोस."

"आणि ही? ही तर बेडकाचं अन्न म्हणणाऱ्यांतली!"

आईने डोरिंडाचा दंड धरला. "हिने एक गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली," म्हणाली. "नवऱ्यालासुद्धा सांगितली नाही. अशा माणसाजवळ ठेवलं तरच ते राहतं."

यावर तुला काही सुचलं तर कळव.

त्या गेल्या. मी नदीकडे तोंड करून बसलो. कान मात्र नदीकडे नव्हते, ते मला वळवता येत नाहीत. पावलं आधी वर गेली, मग डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मग आईचा आवाज आला, बऱ्याच दुरून, "सादुर्नी, ऐकू नकोस!" मी रेडिओ लावला.

ऑपरेशनची तारीख डिसेंबरमधली मिळाली आहे. पट्टी सुटेल त्या दिवशी दुपारी आई जाळी तापवणार आहे. ताटावर कोणीतरी बसायला हवं. मी दिवसभर अळंब्यांतच असतो, मला संध्याकाळी वासही नकोसा होतो, माझ्याकडून कौतुक होत नाही. तुझ्यासाठी तिने निरोप दिलाय, तो शब्दाला शब्द लिहितो: "त्याला सांग, जागा गेली. ताट आहे." भांडण होतं ते डोरिंडाच्या बाजूने होतं, आणि डोरिंडा इकडे येऊन दोनदा जेवून गेली. आता तू तिकडे एकटाच ते सांभाळत बसला आहेस. स्टेशनवर ट्रक घेऊन मी येईन. माशांचा वास येईल, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

त्या परत आल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आई पुढे, काठी टेकत, गाल तापलेले. मागे डोरिंडा, टोपली दोन्ही हातांनी धरलेली, वर नेच्याची पानं गच्च दाबून झाकलेली. वजनाने तिचा एक खांदा खाली आला होता. मी उतरून टोपली घ्यायला गेलो. तिने ती दुसऱ्या कुशीला घेतली.

"मग?" मी विचारलं. "काही मिळालं का?"

डोरिंडाने माझ्या डोळ्यांत बघितलं. समुद्राकाठची पोरगी, या दरीत तिची पुरती चार जेवणंही झाली नसतील.

"यंदा काही नाही हो भाऊजी," ती म्हणाली. "रान कोरडं पडलंय."

मी खाली तिच्या बुटांकडे पाहिलं. तळव्याला कुठली माती आहे, कुठल्या पाइनच्या सुया चिकटल्यात, जागा ओळखायला तेवढं मला पुरतं. बूट स्वच्छ होते. पुलाच्या अलीकडेच कुठेतरी थांबून तिने ते पुसले होते.

सादुर्नी